कुस्ती मारली, पण जोड कोण होती?

चैत्र-वैशाखात कृष्णाकाठच्या कोणत्याही गावात संध्याकाळी पारावर जाऊन बसावे. यात्रांचे दिवस असतात. शेजारच्या गावचे मैदान नुकतेच झालेले असते आणि बोलणे त्यावरच चाललेले असते. असाच एकदा कराडच्या खाली, नदीकाठच्या एका गावात, दोघा म्हाताऱ्यांचा वाद आमच्या कानावर पडला. वादाचा विषय होता गावातला एकोणीस वर्षांचा एक पोरगा.

"औंदा वीस कुस्त्या मारल्यात त्येनं. एक बी हरला न्हाई," एकजण म्हणाला.

"मारल्या की. न्हाई कोण म्हणतंय? पर कुणासंगं?"

"कुणासंगं म्हंजे? समोर जो आला त्याच्यासंगं!"

"त्येच इचारतोय मी. समोर कोण आला?"

पहिल्याला राग आला. गावच्या पोराचे यश ह्याला बघवत नाही, असे त्याला वाटले. दुसराही मागे हटेना. तो तरुणपणी फडात उतरलेला गडी होता. त्याचे दोन्ही कान मोडून त्यांच्या गोळ्या झालेल्या होत्या, आणि असे कान असलेल्या माणसाच्या शब्दाला पारावर वजन असते. वाद काही मिटला नाही. चहा आला आणि विषय उसाच्या दराकडे वळला. पण म्हाताऱ्याने विचारलेला प्रश्न मोलाचा होता. कुस्ती बघणाऱ्याला आणि शाळेत पोरांना खेळवणाऱ्या मास्तरांनाही तो कधी ना कधी पडतोच. उगवत्या मल्लाची पारख करताना त्याने किती कुस्त्या मारल्या हे मोजायचे, की कुणाशी मारल्या हे पाहायचे?

आपल्या भाषेत कुस्तीतल्या प्रतिस्पर्ध्याला फार चांगला शब्द आहे. आपण त्याला 'जोड' म्हणतो. वैरी म्हणत नाही, शत्रू म्हणत नाही. जोड म्हणजे बैलाला बैल शोभावा तसा गड्याला गडी. म्हणजे समोरचा तोडीचा असावा ही अट त्या शब्दातच आलेली आहे. तोडीचा नसेल तर ती जोड नव्हे.

आता ही जोड ठरते कशी, ते पाहू. गावच्या मैदानात कुस्त्या दोन तऱ्हेच्या असतात. एक नेमलेल्या. त्या यात्रा कमिटी आणि वस्ताद मिळून आधी ठरवतात, इनाम ठरते, भिंतीवर कागद लागतात. शेवटची मोठी कुस्ती ह्यातली. दुसऱ्या म्हणजे आयत्या वेळी लागणाऱ्या. दुपारी हलगी कडाडली की पोरे लंगोट कसून हौद्यात येतात. कुणी रेवड्यांवर लढते, कुणी नारळावर, कुणी शंभर-दोनशे रुपयांवर. इथे वजनाचा काटा नसतो. पंच दोन पोरांना समोरासमोर उभे करतो, नजर टाकतो आणि हाताला हात लावून देतो. जुना पंच नुसती उंची बघत नाही. तो मान बघतो, मनगट बघतो, मांडी बघतो, कान बघतो. उंच पण सपाट कानाचा पोरगा आणि बुटका पण मोडक्या कानाचा पोरगा ह्यांची जोड तो लावणार नाही. पहिला अजून मातीत मुरलेला नाही हे त्याला कळते.

पण सगळेच पंच असे नसतात, आणि सगळ्याच जोडी निव्वळ नजरेने ठरतात असेही नाही. यात्रा कमिटीला आपल्या गावचा पोरगा जिंकलेला हवा असतो. त्यात वाईट काय? टाळ्या पडतात, फेटा बांधला जातो, पुढच्या वर्षी वर्गणी सुखाने जमते. वस्तादालाही पोराला एकदम मोठ्या गड्यापुढे टाकायचे नसते. कोवळ्या झाडाला आधी काठीचा आधार द्यावाच लागतो. पोरगा सोळा-सतरा वर्षांचा असताना हलकी जोड मिळाली तर त्याला धीर येतो, फडाची भीती जाते, हजारो लोकांपुढे डाव सुचायला लागतो. एवढ्यापुरती हलकी जोड औषधासारखी आहे. दोष आहे तो हे औषध वर्षानुवर्षे चालू ठेवण्यात. काही ठिकाणी तर दोघांनी आपसांत ठरवून नुरा कुस्ती करण्यापर्यंत मजल जाते. तिच्याविषयी इथे अधिक बोलण्यात अर्थ नाही.

ह्यात पणाला काय लागलेले असते, हे गावातल्या माणसाला सांगायला नको. पोरगा तालमीत ठेवायचा म्हणजे घरातल्या दुभत्या म्हशीचे दूध डेअरीला जात नाही, ते पोराच्या पोटात जाते. वर बदाम, तूप, फळे. त्यासाठी भावाचे शिक्षण मागे पडते, बहिणीचे लग्न पुढे ढकलले जाते. घरचे लोक हे सारे त्या वीस कुस्त्यांकडे बघून करत असतात. एकविसावी कुस्ती खऱ्या जोडीशी लागली, पोरगा दोन मिनिटांत खाली गेला, गुडघा मुरगळून घेऊन परत आला, म्हणजे त्या घरावर काय आकाश कोसळते! आणि दोष कुणाला? पोराने तर समोर आला त्याला पाडले होते. समोर कोण आणायचा हे त्याच्या हातात कधीच नव्हते.

म्हणून पारावरच्या म्हाताऱ्याचा प्रश्न पोराविरुद्ध नव्हता, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. तो जोड लावणाऱ्यांना विचारलेला प्रश्न होता.

जोडीवरून मल्ल कसा ओळखावा ह्याचा उत्तम दाखला आपल्याच भागात आहे. कराडला लागून असलेल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६. घरात कुस्ती होतीच, वडील दादासाहेब स्वतः कुस्ती खेळत. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि ५२ किलोच्या गटात सहावे आले. आता 'सहावा' हा शब्द गावात कसा ऐकू येतो? पाच जण पुढे गेले, असा. पदक नाही, फेटा नाही. पण जोड कोण होती ते पाहा. ऑस्ट्रेलियाचा मल्ल पाडला, अमेरिकेचा पाडला, आणि हरले ते इराणच्या मन्सूर रईसीशी. इराण म्हणजे कुस्तीचे माहेरघर. शिवाय हे सारे गादीवर. खाशाबांची मेहनत लाल मातीतली. मातीत पाय रुततो, गादीवर सरकतो. मातीत कुस्ती चीतपट होईपर्यंत चालू शकते, तर तिथे घड्याळ लावून गुण मोजणारे पंच बसलेले. रीस गार्डनर नावाच्या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना तिथल्या रीतीचे शिक्षण दिले, पण त्याला वेळ किती मिळाला असेल? हे सगळे एका पारड्यात टाकले म्हणजे लंडनचा तो सहावा नंबर इथल्या कितीतरी पहिल्या नंबरांपेक्षा जड भरतो.

चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी. ह्या वेळी गट ५७ किलोचा. पाच किलो वर गेलो म्हणजे समोरचे गडीही तेवढे दांडगे झाले. खाशाबांनी कॅनडाचा पॉलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मित्झ ह्या तिघांवर मात केली. दोघांशी ते हरले. एक जपानचा शोहाची इशी, दुसरा सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव्ह. स्पर्धा संपल्यावर निकाल असा लागला : इशी सुवर्ण, ममदबेयोव्ह रौप्य, खाशाबा कांस्य.

म्हणजे काय झाले? जे दोघे त्यांच्या वर उभे राहिले, नेमके त्या दोघांशीच ते हरले. बाकी जो समोर आला त्याला त्यांनी नमवले. आणि तो इशी तरी कोण? आधी ज्यूदो शिकलेला हा गडी. युद्धानंतर जपानात ज्यूदोवर बंदी आली म्हणून कुस्तीकडे वळला. त्या साऱ्या ऑलिंपिकमध्ये जपानला एकच सुवर्णपदक मिळाले, ते ह्या इशीचे. सोव्हिएत संघ त्या वर्षी पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये उतरलेला, निवडक गडी घेऊन. असे सांगतात की ह्या दोन भारी कुस्त्यांच्या मधे खाशाबांना नियमाची विश्रांतीही मिळाली नाही, आणि तक्रार करायला आपला कुणी अधिकारी जवळ नव्हता. जोडीचा विचार करताना ही गोष्टही धरावी लागते. ताज्या दमाने लढलेली कुस्ती आणि दमछाक झालेली असताना लढलेली कुस्ती, दोन्हींचा निकाल कागदावर सारखाच दिसतो.

स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. ते टेनिसमधले, लिअँडर पेस ह्यांचे. खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक कराडहून गोळेश्वरला निघाली होती.

पण त्या मिरवणुकीआधीची एक गोष्ट आमच्या विषयाच्या अधिक जवळची आहे. हेलसिंकीच्या निवडीतून खाशाबांना आधी वगळले होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि ज्याची निवड झाली होती त्या निरंजन दासला त्यांनी पाडले. म्हणजे खरी जोड त्यांना मागून, भांडून मिळवावी लागली. मग प्रवासखर्चाचा प्रश्न. गावोगाव वर्गणी झाली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हलकी जोड गावच्या वेशीत फुकट मिळते. भारी जोडीला गाठायचे तर हेलसिंकीपर्यंत जावे लागते आणि कुणाचे तरी घर गहाण पडते! उगवत्या मुलाच्या जोडी हलक्या आहेत म्हणून नाक मुरडणाऱ्याने हाही हिशोब मनात ठेवावा. पुष्कळदा त्या पोराला चांगल्या जोडीपर्यंत नेणाराच कुणी नसतो.

सांगलीकडची उदाहरणे घ्यायची तर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने. दोघेही पुढे हिंदकेसरी झाले, आंदळकर १९६० साली आणि माने १९६४ साली. पण त्यांची खरी उंची कळली ती १९६२ च्या जकार्ता इथल्या आशियाई स्पर्धेत. तिथे दोघांनीही एक सुवर्ण आणि एक रौप्य अशी दोन-दोन पदके आणली. आंदळकरांचे सुवर्ण ग्रीको-रोमन पद्धतीतले. त्या पद्धतीत कमरेखाली हात लावायचा नाही, पायाचा डाव नाही. पट काढण्यात आणि टांग लावण्यात वाढलेल्या गड्याने पायांविना जिंकायचे! ह्यावरून एक कळते. जोड म्हणजे नुसता समोरचा माणूस नव्हे. तो कोणत्या मातीत, कोणत्या नियमात समोर उभा आहे, तेही जोडीतच मोजायचे.

बरोबरीचे काय? आपल्याकडे बरोबरीत सोडवलेली कुस्ती लोकांना आवडत नाही. पैसे वाया गेले म्हणतात. पण गामा पहिलवानाचे नाव हिंदुस्थानभर झाले ते एका न जिंकलेल्या कुस्तीने. तरुण, बुटका गामा रहीमबक्ष सुलतानीवाला ह्या नामांकित आणि ताडमाड उंच मल्लापुढे उभा राहिला आणि पडला नाही. नावाजलेल्या गड्याला पोराने पाडू दिले नाही, ह्यातच सारे आले. पुढे १९१० साली लंडनमध्ये पोलंडचा झबिस्को गामापुढे दोन तासांहून अधिक वेळ खाली चिकटून राहिला. १९२८ साली पतियाळाला पुन्हा तीच जोड लागली तेव्हा गामाने त्याला मिनिटभरातच चीत केले. लोक दुसरी कुस्ती मोठ्या अभिमानाने सांगतात. आम्हाला विचाराल तर पहिली मोठी. दुसऱ्या वेळी झबिस्को पन्नाशीला टेकलेला होता. गामाचेही वय तेवढेच होते, हे खरे, आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे; पण पाडलेल्या गड्याचे नाव तेच असले तरी अंगातला कस तोच असतो असे नाही.

मुष्टियुद्धात तर हा प्रश्न धंद्याचाच होऊन बसला आहे. तिथे सामने ठरवणारे व्यापारी असतात. नव्या मुलाचा 'अजिंक्य' म्हणून बोलबाला व्हावा म्हणून त्याच्यापुढे आधी उतरत्या वयाचे, नाहीतर हरण्याचीच मजुरी घेणारे लढवय्ये आणले जातात. कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, वर येत होता तेव्हा त्याच्याविषयीही हीच कुजबुज होती. १९६२ साली त्याने आर्ची मूरला हरवले, पण मूर तेव्हा म्हातारा झालेला. १९६३ साली लंडनमध्ये हेन्री कूपरने त्याला एका ठोशात खाली बसवले. क्लेने तो सामना जिंकला, पण लोक म्हणाले, खऱ्या गड्यापुढे हा टिकणार नाही. फेब्रुवारी १९६४ मध्ये जगज्जेता सनी लिस्टन सातव्या फेरीला उठलाच नाही आणि सारी तोंडे बंद झाली. उलट दाखला आपल्या विजेंदर सिंगचा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचे कांस्यपदक त्याच्याजवळ होते. २०१५ साली तो धंदेवाईक मुष्टियुद्धात उतरला आणि ओळीने बारा सामने जिंकला. त्यातले काही प्रतिस्पर्धी वयाने उतरलेले होते, ह्यावर तेव्हाही बोलणे होत होतेच. मग २०२१ च्या मार्चमध्ये गोव्यात, पणजीला एका जहाजावर, रशियाच्या आर्तिश लोप्सानने त्याला पाचव्या फेरीत हरवले. ह्याने ऑलिंपिकचे पदक खोटे ठरत नाही. बारा ह्या आकड्याची किंमत मात्र पुन्हा मोजावी लागते. क्लेच्या वेळी शंका घेणारे चुकले, विजेंदरच्या वेळी ते पुष्कळसे बरोबर ठरले. म्हणजे शंका घेणे गैर नाही, पण शंकेवरच निकाल देऊन मोकळे होणे गैर.

आता शाळामास्तरांशी दोन शब्द. तुमच्या शाळेतून तालुक्याला, जिल्ह्याला पोरे जातात. तिथे वजनाचे गट असतात, त्यामुळे मैदानातला निम्मा गोंधळ आपोआप टळतो. पण पोरगा परत आला की आपण विचारतो, "कितवा आलास?" त्याऐवजी एक साधी वही ठेवून पाहा. तारीख, गाव, समोरचा पोरगा कोणत्या तालमीचा, त्याचे वजन, वय, किती वर्षे मेहनत करतो, कुस्ती मातीवर की गादीवर, किती वेळ चालली, कोणत्या डावावर निकाल लागला. शेवटचा रकाना महत्त्वाचा. पोराने दहाही कुस्त्या एकाच डावावर, समजा ढाकेवर मारल्या असतील, तर दहाहीजणांना ढाक सोडवता येत नव्हती एवढेच त्यावरून कळते. ज्या दिवशी ढाक सोडवणारा भेटेल त्या दिवशी ह्याच्याजवळ दुसरे काय आहे? आणि आणखी एक रकाना : हरलेला पोरगा पुढे काय झाला. आज तुमच्या मुलाने ज्याला पाडले तो सहा महिन्यांनी जिल्ह्यात जिंकला, तर आजच्या कुस्तीची किंमत मागाहून वाढते. ह्या खेळात अशी मागाहून वाढलेली किंमत पुष्कळदा कुणी लिहूनच ठेवत नाही.

मोठ्या स्पर्धांत हा हिशोब थोडा सोपा होतो, कारण जोड तिथे कमिटीच्या मर्जीवर नसते, जिंकत जाल तशी ती समोर येते. महाराष्ट्र केसरीत मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता ह्यांची शेवटी गाठ पडते. २०२२ साली ही स्पर्धा साताऱ्याला झाली. तिथे कोल्हापूरचा तरुण मल्ल पृथ्वीराज पाटील ह्याने विशाल बनकरला ५-४ असे, एका गुणाने हरवले. पुष्कळांना चीतपट न झाल्याची रुखरुख लागली असेल. पण एका गुणाची ती चुरस म्हणजेच जोड बरोबर लागल्याची खूण.

मुलींच्या बाबतीत तर अडचण उलटी होती. हलकी-भारी हा प्रश्न पुढचा, आधी जोडच मिळत नसे. गावच्या मैदानात एखादी पोरगी लंगोट कसणाऱ्या भावाच्या मागे उभी राहायची, पण तिच्यासमोर उभे करायला दुसरी कुठून आणणार? २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम कुस्तीत सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवले. एका मैदानात इतक्या मुली जमल्या, हेच आधी डोळे भरून पाहण्यासारखे होते. आता त्यांच्याविषयीही पारावर लोक भांडतील, हिने कुणाला पाडले, तिने कुणाला. भांडू देत की.

त्या गावच्या पोराचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. आम्ही परत गेलो तेव्हा पुढच्या मैदानाची बोलणी चालू होती. मोडक्या कानाचा म्हातारा ह्या वेळी वस्तादाजवळच बसला होता. कुंडलकडचा एक गडी सुचवला गेला होता. वयाने पाच वर्षांनी मोठा, वजनाने सारखा, आणि ढाक सोडवण्यात पटाईत म्हणून नाव असलेला. यात्रा कमिटीचा एकजण कुरकुरला. म्हणाला, "वस्ताद, पोरगं पडलं तर? गावात काय तोंड दावायचं?"

वस्ताद तंबाखू मळत होता. त्याने मान वर केली नाही.

"पडंल कदाचित," तो म्हणाला. "मग दुसऱ्या दिवशी पहाटं चार वाजता तालमीत येईल का न्हाई, तेवढं मला बघायचंय. लिवा नाव."